मिस्त्रींची चुन्याची पेटी

एकोणीसशे तीसनंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, रेवदंड्याच्या खाडीत भर पावसात एका होडीत आग लागली. होडीत तीन माणसं होती आणि सागवानी पेटीत बंद केलेली एक शिकारी रायफल होती. होडी वाचली. रायफलला पाण्याचा थेंबही लागला नाही. पेटी ज्यांनी बनवली होती, त्या आमच्या घरमालकांचे दोन्ही डोळे गेले.

मुंबईच्या एका दैनिकाने ही बातमी चार ओळींत छापली. ती मी पाठवली होती. त्या चार ओळींत जे मावलं नाही ते इथे देत आहे. यातलं काही मी पाहिलेलं आहे, काही होडीतल्या उरलेल्या दोघांकडून ऐकलेलं आहे. दोघांच्या सांगण्यात जिथे फरक आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

घर चौलला होतं. माडीवरची एक खोली मी भाड्याने घेतली होती. घरमालकांना सगळे मिस्त्री म्हणत. उमेदीची वर्षं त्यांनी पलटणीत बंदुका दुरुस्त करण्यात घालवली होती, त्यातली बरीचशी वायव्य सरहद्दीवरच्या बर्फात. पेन्शन घेऊन गावी आल्यावर त्यांनी दुरुस्तीचा परवाना काढला. रानडुकरांपासून भात राखायला आसपासच्या काही जणांना बंदुकीचे परवाने होते. ही मंडळी मृगाच्या आधी आपापली हत्यारं मिस्त्रींकडे आणून देत आणि दसऱ्याला परत नेत. मधले चार महिने ही हत्यारं मिस्त्रींच्या घरात स्वयंपाकघराच्या माळ्यावर, पेट्यांमध्ये बंद असत. घरात दुसरी कोरडी जागा नव्हती.

मी राहायला आलो तो दिवस पावसाचा होता. निथळती छत्री घेऊन मी पडवीत पाय ठेवला आणि आतून आवाज आला.

"पाणी नको!"

मिस्त्री बाहेर आले. उंच, वाळलेले, अंगात भर पावसाळ्यात लोकरी बंडी. त्यांनी माझ्या हातातली छत्री दोन बोटांनी धरली, मेलेला उंदीर धरावा तशी, आणि अंगणातल्या फणसाच्या फांदीला नेऊन टांगली.

"धोतर गोठ्यात बदला. तिथे सुकं ठेवलंय. मग वर या."

"आणि हे ओलं धोतर?"

"ते गोठ्यातच. म्हशीला चालतं. बंदुकीला चालत नाही."

पुढची दोन वर्षं मी गोठ्यात धोतर बदललं.

रोज सकाळी ते एक भाजका पापड घेऊन माळ्याखाली उभे राहत. तो त्यांनी आदल्या रात्री माळ्यावर उघडा ठेवलेला असे. डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ते पापड मोडत. कडकन आवाज झाला तर समाधानाने उरलेला खाऊन टाकत. पापड नुसता वाकला तर त्या दिवशी कोणाशी बोलत नसत, आणि चुलीत सकाळपासूनच बाभळीची लाकडं रचली जात. माळ्यावर ऊब पोचली पाहिजे, पण धूर पोचता कामा नये, असा त्यांचा दंडक होता. त्यांच्या मते धूर आणि पाणी हे सख्खे भाऊ. त्यासाठी त्यांनी चुलीवर पत्र्याचं धुराडं बसवून घेतलं होतं. गावात तेव्हा तसं दुसरं नव्हतं.

घरात सुकी मासळी यायला बंदी होती. मिठाची बरणी शेजारच्या घरी ठेवलेली असे आणि स्वयंपाकाच्या वेळी त्यांची बायको वाटी घेऊन कुंपणापाशी जाई. मीठ पाणी ओढतं, ओढलेलं पाणी हवेत सोडतं आणि ती हवा नळीत शिरते, असा त्यांचा हिशेब.

"लग्नात माझ्यावर अक्षता टाकल्या ना," काकू एकदा मला म्हणाल्या, "त्यासुद्धा कोरड्या आहेत का, ते बघून घेतलं असेल यांनी."

"बघितलं होतं," मिस्त्री आतून म्हणाले. "कुंकवामुळे ओलसर होत्या."

हत्यार हाताळताना मात्र त्यांच्यात वेडेपणाचा लवलेश नसे. बार काढलेली बंदूक कोणी आणून दिली की ते आधी चुलीवर पाणी उकळत ठेवत. ते खळखळायला लागलं की नरसाळं लावून नळीतून ओतत. पाण्याचा वैरी असलेला माणूस नळीत पाणी ओततो, याचं मला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं. त्यांनी समजावून सांगितलं. काडतुसाच्या टोपीतल्या दारूचा एक खार नळीत उरतो. तो तेलाने निघत नाही, उकळत्या पाण्यानेच विरघळतो. नळी इतकी तापते की पाणी आपणच उडून जातं. मग कोरडी चिंधी, मग तेलाची चिंधी, मग पुन्हा कोरडी. नळीच्या तोंडाला ते पातळ मेणकागद दोऱ्याने बांधत. चिंधीचा बोळा कधी कोंबू देत नसत. बोळा काढायचा विसरला तर बार सुटताना नळी फुटते. कागद विसरला तर गोळी तो फोडून जाते.

थंडीतून आणलेली बंदूक ते ऊबदार खोलीत घेत नसत.

"बाहेरच्या पडवीत ठेवा तासभर. एकदम आत आणलीत तर तिला घाम फुटतो. तुम्ही तो पुसाल, पण आतल्या यंत्राचा घाम कोण पुसणार?"

एका पौषात खाडीपलीकडच्या एका पाटलांची रायफल आली. डोंगरावर पहाटे डुकरासमोर चाप ओढला, नुसता चिक् असा आवाज झाला आणि डुक्कर निघून गेलं, अशी तक्रार होती. मिस्त्रींनी खटका उघडला. आत पांढरी, लोण्यासारखी साय गोठलेली होती.

"काय घातलंत यात?"

"खोबरेल. घरचं. चांगलं गाळलेलं."

"पाटील, ही बंदूक आहे की तुमच्या घरच्या बायकांची वेणी?"

पाटील हसले. मिस्त्री हसले नाहीत. खोबरेल थंडीत गोठतं, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असतं. पाटलांनी ते केसांच्या बाबतीत रोज पाहिलं होतं, बंदुकीच्या बाबतीत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मिस्त्रींनी सगळं यंत्र रॉकेलने धुऊन कोरडं केलं. त्या संध्याकाळी ते पडवीत बसून, मी काही विचारलं नसताना, सरहद्दीवरची एक हकिगत बोलले. बर्फात एका शिपायाच्या बंदुकीत तेल गोठलं. समोरचा माणूस वीस हातांवर होता. चाप ओढला तर चिक्. दुसऱ्यांदा ओढायला शिपायाला वेळ मिळाला नाही. त्या बंदुकीत तेल कोणी घातलं होतं, ते मिस्त्रींनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पेट्यांची कल्पना त्यांची स्वतःची. खाडीच्या काठी शिंपले भाजून चुना काढायच्या भट्ट्या होत्या. भट्टीतून नुकताच निघालेला कळीचा चुना हवेतलं पाणी शोषतो. पेटीच्या तळाला मांजरपाटाच्या पिशवीत ते या चुन्याचे खडे भरत, वर फळ्यांची जाळी, जाळीवर सुका पेंढा आणि पेंढ्यात मेणकापडात गुंडाळलेली बंदूक. झाकणाच्या फटी राळेने बुजवत. ठरावीक दिवसांनी पेटी उघडून भुकटी झालेला चुना ते काढून टाकत आणि ताजा भरत. चार महिन्यांनी बाहेर आलेल्या बंदुकीच्या नळीत डोकावलं की आरशासारखी चकाकी दिसे. एका कलेक्टर साहेबाने आपली बंदूक मुद्दाम त्यांच्याकडे ठेवल्याचं लोक सांगत. याला मला दुजोरा मिळाला नाही.

त्यांचं "पाणी नको" गावभर झालं होतं. पाऊस आला की बाजारात कोणीतरी त्यांच्या आवाजात ओरडे आणि लोक हसत. धक्क्यावरचे होडीवाले लाट अंगावर आली की एकमेकांना तेच म्हणत. मिस्त्री स्वतः होडीत बसले की शिंतोडा उडाला तरी ओरडत, बरोबर बंदूक असो वा नसो. त्यांना नेहमी पलीकडे नेणारा एक कोळी होता. तो म्हणे, "मिस्त्री, तुमी पानी नको बोलताव न् दर्यान् येताव. मंग आमी काय व्हडी वालूवरशी नेव?"

त्या श्रावणात पलीकडच्या डोंगराखालच्या गावात बिबळ्या यायला लागला. आधी दोन वासरं गेली. मग ओटीवर निजलेली एक म्हातारी गेली. ती खोबरेलवाल्या पाटलांची सख्खी बहीण होती. तिचं अर्धं शरीर दुसऱ्या दिवशी बांधावर सापडलं. लोकांनी भातातलं तण काढायला, बेणणीला शेतात जाणं सोडलं. पोरांना दिवसासुद्धा घरात कोंडून ठेवलं. त्या गावात परवाना एकच, पाटलांचा, आणि त्यांची रायफल मिस्त्रींच्या माळ्यावर.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी पाटील आले. मी पडवीत होतो. पाटलांनी न सांगता पायताण फणसाखाली काढलं आणि अंगावरची घोंगडी तिथेच टाकली.

"मिस्त्री, पेटी खोला."

"दसऱ्याला."

"माझ्या बहिणीला खाल्लीन् त्याने. दसऱ्यापर्यंत गावात माणूस राहणार न्हाय."

मिस्त्रींनी खिशातून पापडाचा तुकडा काढला आणि मोडून पाहिला. तो वाकला. त्यांनी तो पाटलांना दाखवला.

"ही हवा आहे बाहेर. या हवेत मी आजवर एकही पेटी खोललेली नाही."

पाटील त्या पापडाकडे बघत राहिले. काकू आतून आल्या. हात पिठाचे होते.

"अहो, त्यांची बहीण गेलीय. द्या."

मिस्त्रींनी पापडाचा तुकडा परत खिशात ठेवला. मग म्हणाले, "देतो. पण मी घेऊन येणार. आणि पेटीतून."

"पेटी कशाला? मेणकापडात गुंडाळा न् द्या माझ्या खांद्यावर. खाडी पार केली की घरच."

"खाडीचा वारा खारा आहे. लाटेचा तुषार कापडातून आत जातो. तुम्ही रात्री माचणावर बसाल, तो समोर येईल, तुम्ही चाप ओढाल. आणि चिक् वाजलं तर? गेल्या खेपेला डुक्कर होतं, पाटील. ते निघून गेलं."

यावर पाटलांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

मिस्त्री भट्टीवर जाऊन ताजा चुना घेऊन आले. खाडीवरचा वारा म्हणून नेहमीच्या दुप्पट भरला. पेंढाही वाढवला. झाकणाच्या फटींना राळेचे दोन हात दिले. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो, हे त्यांना माहीत होतं. भिंतींना चुना लावणाऱ्या कोणालाही ते माहीत असतं. आजवर त्यांच्या पेट्या माळ्यावरून हलल्या नव्हत्या.

दोघा गड्यांनी पेटी खांद्यावर घेतली. मिस्त्री मागून छत्री धरून चालत होते. छत्री पेटीवर होती. ते स्वतः भिजत होते. धक्क्यापर्यंत मी बरोबर होतो. नेहमीच्या कोळ्याची होडी लागली होती. गडी पेटी ठेवून परतले. होडीत मिस्त्री, पाटील आणि तो कोळी, तिघंच बसले.

यापुढचं ऐकलेलं.

होडीच्या तळाला घोट्याएवढं पाणी साचलं होतं. पेटी आडव्या फळीवर ठेवली होती. खाडीच्या मध्यावर ती फळीवरून घसरली, एक कोपरा होडीच्या लाकडावर आपटला आणि पेटी तळाच्या पाण्यात पडली. पाटील म्हणतात, मोठी लाट आली. कोळी म्हणतो, लाट रोजचीच होती, मिस्त्री छत्री सावरायला उभे राहिले आणि होडी कलंडली. पेटीचा कोपरा उचकटला होता, यावर दोघांचं एकमत आहे.

आधी सू असा आवाज आला. मग फटींतून पांढरी वाफ निघू लागली, मग पिवळट धूर. पेंढ्याने पेट घेतला होता. कोळ्याने पाणी उपसायचा डबा उचलला, खाडीत बुडवला आणि पेटीवर ओतला.

"पाणी नको!" मिस्त्री ओरडले.

कोळ्याने दुसरा डबा ओतला. पाटील ओंजळींनी पाणी मारत होते. मिस्त्री ओरडतच होते. दोघांनी हात थांबवला नाही.

याबद्दल मी कोळ्याला विचारलं. तो म्हणाला, "वरीसभर तेच बोलतान ते. अंगावर शितोरा उरला तरी तेच. मना काय म्हाईत, आज खरा बोलतान?"

झाकण तडकलं. मिस्त्रींनी ते दोन्ही हातांनी उपटलं आणि पेटीवर वाकून आत हात घातला. त्याच वेळी तळातला चुना उकळून वर उसळला. तो त्यांच्या तोंडावर आला. ते मागे पडले नाहीत. रायफल त्यांनी बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली. मेणकापड एका टोकाला जळत होतं. ते पाटलांनी हाताने चुरगळून विझवलं. कोळ्याने पेटी लाथ मारून खाडीत लोटली. ती बुडेपर्यंत भोवतालचं पाणी उकळत होतं, असं दोघंही सांगतात. होडीच्या कडेला लागलेली आग गोणपाट टाकून विझवली.

मिस्त्री होडीच्या तळाशी बसून होते. चेहरा पांढरा झाला होता, पापण्या मिटलेल्या. रायफल अजून डोक्यावर धरलेली. "पाणी नको, पाणी नको," एवढंच ते पुटपुटत होते. ते रायफलविषयी बोलत होते की डोळ्यांविषयी, हे पाटलांना सांगता येत नाही. नंतर मिस्त्रींनीही ते सांगितलं नाही.

पाटलांनी त्यांच्या तोंडावर मारायला ओंजळीत पाणी घेतलं. कोळ्याने त्यांचं मनगट धरलं.

"नको, पाटील! बगितला नं आता? पान्यानंच पेटला त्यो. डोल्यान् गेलाय त्यांच्या चुना. पानी लावलाव तर डोलं उकलतील."

पाटलांनी ओंजळ सोडली.

खाडी पार व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण वारा समोरचा होता. दोघांनी मिळून वल्ही मारली. पलीकडे गेल्यावर पाटलांच्या घरी मिस्त्रींच्या डोळ्यांत तूप घातलं. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. ओरडले मात्र नाहीत. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती, आणि पूजेआधी होडी लोटायला कोणी तयार नव्हतं. दुपारी पूजा झाली. तोच कोळी त्यांना परत घेऊन आला. मी धक्क्यावर होतो. काकूंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि हाताला धरून त्यांना उतरवून घेतलं. तिथून आम्ही त्यांना बैलगाडीने अलिबागच्या इस्पितळात नेलं.

त्याच संध्याकाळी, अंधार पडता पडता, बिबळ्या पाटलांच्या गोठ्यामागे आला. पाटील गोठ्याच्या माळ्यावर बसले होते. पाऊस चालू होता. त्यांनी चाप ओढला आणि बार सुटला. दुसरं काडतूस लागलं नाही. ती मादी होती. तिचं कातडं मी पाहिलं आहे.

चार दिवसांनी पाटील इस्पितळात आले आणि त्यांनी ही हकिगत मिस्त्रींना सांगितली. मिस्त्रींच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या.

"कुठे लागली?"

"मानेत."

"नेम कुठे धरला होतात?"

"खांद्यावर."

"मग नळीच्या टोकावरची नेमाची माशी सरकलीय. मला आधी दिसायला हवं होतं," मिस्त्री म्हणाले.

काकूंनी तोंडाला पदर लावला आणि त्या बाहेर गेल्या.

डॉक्टरांनी तोवर निदान सांगितलं होतं. डाव्या डोळ्याचं बुबुळ पूर्ण जळालं होतं. उजव्यावर पांढरा पडदा आला होता आणि तो जाणार नव्हता.

त्या दिवशी पाटलांबरोबर कोळीही आला होता. तो आत गेला नाही. व्हरांड्यात उभा राहिला. डॉक्टर मिस्त्रींना तपासून बाहेर आले तेव्हा त्याने त्यांना दारातच गाठलं. मी शेजारी होतो.

"दागतर, आमी त्यांना पानी लावला न्हाय. पाटील लावत व्हते, मीच हात धरला. बरा केला नं?"

"कोणी सांगितलं पाणी लावू नका म्हणून?"

"तेच वरडत व्हते. न् पान्यानं पेटताना मी बगितला."

"पेटीतली गोष्ट वेगळी," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यात चुना गेला की पाणीच मारायचं. लगेच. भरपूर. थांबायचं नाही. तेवढं झालं असतं तर निदान एक डोळा राहिला असता."

"व्हडीन् गोरा पानी न्हवता. भवताली सगला खाराच."

"खारं चाललं असतं."

"खारा?"

"हो. खारंसुद्धा."

खोलीचं दार उघडं होतं. मिस्त्रींची खाट दारालगत होती. ते जागे होते.